तीनचं ठरलं नव्हतं

१

देशमुखांच्या घरच्या बायकांनी मोटारीत कसं बसायचं याची एक रीत होती.

आधी सिदू ड्रायव्हर वीस पावलं लांब जायचा आणि पाठ फिरवून उभा राहायचा. मग धर्मराज देशमुख स्वतः मागचं दार उघडायचे. मुक्ताबाई, म्हणजे त्यांची बायको, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर ओढून अंगणातून यायची आणि आत बसायची. दार लागायचं. देशमुख पुढं बसायचे आणि एकदा खाकरायचे, की सिदू यायचा.

आष्टीच्या बाजूला देशमुख घराण्यांत तेव्हा गोषा कडक होता. चादर घेतली की सासू कोण आणि सून कोण, हे नवऱ्यालासुद्धा कळत नाही, अशी थट्टा बायका आपसांत करायच्या. मोटारीतही तसाच बंदोबस्त होता. हैदराबादेतल्या कुण्या जहागीरदाराची ती जुनी गाडी नगरच्या एका एजंटाकडून घेतली, तेव्हापासूनच मागच्या काचांवर जाड, रजईसारखे पडदे ठोकलेले होते. पुढची आणि मागची बैठक यांच्यामध्ये लाकडी फळी होती. आत भर दुपारी अंधार असायचा. चामड्याचा आणि पेट्रोलचा वास यायचा, आणि त्याखाली आणखी एक, कधीकाळी फुलं सुकून गेली असावीत तसा.

परक्या माणसाच्या कानावर आवाज पडायचा नाही, म्हणून बोलणं नव्हतं. अंगठीनं फळीवर ठोकायचं. एकदा ठोकलं की थांब. दोनदा ठोकलं की चल. देशमुखांनी पहिल्याच दिवशी हे ठरवून दिलं होतं.

"ध्येनात ठिवा. येक म्हंजे थांब, दोन म्हंजे चल. तिसरं काय लागतंय कशाला?"

मुक्ताबाईलाही तेव्हा वाटलं, खरंच, कशाला लागतंय?

२

पौर्णिमेला नारायणगडला दर्शनाला जायचा देशमुखांचा नेम होता. बैलगाडीनं दोन मुक्काम लागायचे, मोटारीनं सकाळी निघून दुपारी पोचता यायचं. पोचता यायचं, असं आपलं म्हणायचं. कारण गड दोन-तीन कोसांवर राहिला, की एका उघड्या माळावर मोटार हटकून बंद पडायची.

तिथं रस्त्याच्या एका बाजूला उतारावर विहीर होती, आणि दुसऱ्या बाजूला बरीच आत एक जुनी, बिनछपराची धर्मशाळा. बाकी नुसते दगड आणि तरवडाची झुडपं. पुढच्या पाण्याच्या टाकीतून वाफ फुसफुसायची. सिदू डबा घेऊन विहिरीवर जायचा. देशमुखही तोंड धुवायला त्याच्यामागं जायचे. मुक्ताबाई आत.

देशमुखांनी मोटार विकणाऱ्या नगरच्या एजंटाला तक्रार करायचं ठरवलं. त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. मुक्ताबाईचे वडील अंबाजोगाईला मास्तर होते, तिचं अक्षर मोत्यासारखं. म्हणून देशमुख सांगायचे आणि ती लिहायची.

'सा. न. वि. वि. आपणाकडून घेतलेल्या मोटारीचे इंजिन अति तापते. ब्रेक उतारावर नीट धरीत नाहीत. ड्रायव्हरचे म्हणणे की, मागे दोघेतिघे जादा बसल्याप्रमाणे गाडी ओढते. कृपा करून इलाज कळवावा.'

उत्तर आलं: 'टाकीत वेळेवर पाणी घालावे. असा दोष आमच्या दुसऱ्या कोणत्याही ग्राहकाने कळविलेला नाही.'

"म्हंजे आमालाच दोष हाय का बे?" देशमुख कागदावरच ओरडले.

पुढच्या पौर्णिमेला मोटार त्याच माळावर थांबली. पण या वेळी वाफ नव्हती. देशमुखांनी दार उघडलं, ते कपाळाला आठ्या घालून.

"कावून थांबवली?"

"मी कुठं थांबवली?"

"सिदू म्हणतोय फळी वाजली. मी बी ऐकलं. येकदा."

"मी ठोकलं न्हाई, अवो. हात चादरीतच हायती माझे."

"मंग काय मोटारीनं ठोकलं?" ते हसले आणि दार लावलं. मग मुक्ताबाईनं दोनदा ठोकलं आणि मोटार निघाली. फळी ढिली असेल, दगडावरून चाक गेलं की खिळा वाजत असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. ते पटण्यासारखंही होतं.

३

सिदू मुक्ताबाईशी बोलायचा नाही. त्याला काही सांगायचं असलं की तो घरच्या जुन्या मोलकरणीला, भिवराबाईला सांगायचा, आणि भिवराबाई ते तिखटमीठ लावून आत आणायची.

एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाईसाब, सिदू इचारतोय, तीनचा अर्थ काय धरायचा?"

"कशाचा तीन?"

"तुमी म्हणं काल येताना तीनदा ठोकलं. येकदा न्हाई, लई येळा. तीन, मंग गप. पुन्यांदा तीन. त्यो म्हणतोय, येक ठाव हाय, दोन ठाव हाय. तीनचं तर ठरलं न्हाई. मंग त्यानं कायबी केलं न्हाई, चालवतच ऱ्हायला."

मुक्ताबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली. काल येताना तिला झोप लागली होती. झोपेत अंगठी फळीला लागली असेल का? पण झोपेत कुणी मोजून तीनदा ठोकतं का?

"त्याला सांग, फळी ढिली हाय."

"सांगते की. पर मी म्हणते, ढिली फळी तीन कशी मोजंल?" भिवराबाई स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसली.

४

फळी खरंच ढिली आहे का, हे बघायला दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्ताबाई एकटीच छपराकडं गेली. देशमुख कचेरीला बीडला घोड्यावर गेले होते. सिदू घरी जेवायला गेला होता. मोटार छपराखाली कडब्याच्या गंजीशेजारी उभी होती.

ती आत बसली. फळी हातानं हलवून बघितली. फळी भिंतीसारखी घट्ट होती. खिळे बोटांनी चाचपले, एकही वर आलेला नव्हता. तेवढ्यात वाऱ्यानं दार लागलं.

अंधारात तिनं दाराची मूठ चाचपली. मूठ नव्हती. जिथं मूठ असायला हवी तिथं बोटाच्या पेराएवढी एक चौकोनी लोखंडी दांडी तेवढी होती. इतके महिने ती या मोटारीत बसत होती, आणि दार आतून उघडतच नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक व्हायची वेळच आली नव्हती. दार नेहमी कुणीतरी बाहेरून उघडायचं.

तिनं दांडी दोन बोटांत धरून फिरवायचा प्रयत्न केला. बोटं घसरली. दांडीच्या भोवतीचं चामडं खरवडून खरवडून मऊ झालेलं होतं, कापसासारखं. तिनं ते खरवडलं नव्हतं.

वैशाखातला पत्रा तापलेला. श्वास जड व्हायला लागला. हाका माराव्यात तर छपरापलीकडं गडीमाणसं. तिनं फळीवर ठोकलं. एकदा. पुढं कुणीच नव्हतं. मग दोनदा. त्याचा तर काहीच उपयोग नव्हता. मग तिच्या हातानं आपोआप तीनदा ठोकलं, आणि तिच्या लक्षात आलं, की तीनचा अर्थ काय ते आपल्याला आता कळलं.

'उघडा.'

त्याच वेळी बैठकीच्या स्प्रिंगा कुरकुरल्या. तिच्या बाजूच्या नव्हे, पलीकडच्या. गादी तिकडं थोडी दबली आणि तिच्याकडं थोडी वर आली, जसं कुणी नव्या बाईला जागा करून द्यायला सरकून बसावं तसं.

मुक्ताबाईनं तिकडं बघितलं नाही. भिवराबाई कडबा न्यायला आली आणि तिनं दार उघडलं, तोपर्यंत ती दाराला गाल लावून बसून होती.

"अगं बया! हितं काय करताव बाईसाब? निस्ता घाम, निस्ता घाम!"

"फळी बघत होते," मुक्ताबाई म्हणाली. गादी जुनी आहे, उन्हानं स्प्रिंगा ताणल्या असतील, असं ती संध्याकाळपर्यंत मनाशी घोकत राहिली.

५

त्या आठवड्यात देशमुखांनी नवी तक्रार सांगितली, इंजिन मध्येच गचके खातं म्हणून. मुक्ताबाईनं ती लिहिली आणि खाली, त्यांना न वाचून दाखवता, स्वतःची एक ओळ घातली. 'मागील दारास आतून मूठ नाही. आतील माणसास बाहेर पडता येत नाही. तरी मूठ त्वरित पाठवावी.'

तिला घाई होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती. तिची एकुलती लेक रुक्मिणी पुढच्या पौर्णिमेला सासरी नांदायला जायची होती. सासर गडाच्या अलीकडं, त्या माळापासून दोन कोसांवर. पाठवणी मोटारीनंच व्हायची होती.

"छकड्यानं नेऊ या की," तिनं जेवण वाढता वाढता विषय काढला. "पोरीला मोटारीत मळमळतंय."

"येडं का काय? व्याह्यांनी समद्या गावाला सांगून ठिवलंय, सून मोटारीतनं येनार."

"मंग दाराला आतून मूठ तरी बसवा."

देशमुखांनी घास खाली ठेवला. ते रागीट नव्हते, पण काही गोष्टींत त्यांचा आवाज फार मऊ व्हायचा, आणि त्या मऊपणापुढं बोलता यायचं नाही. "देशमुखाची बाई आतून दार उघडून रस्त्यात उतरनार? लोक काय म्हनतील? मी हाय न्हवं दार उघडायला?"

एजंटाचं पाकीट करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर आठ दिवस अडकून अखेर आलं. देशमुख गावात नव्हते. मुक्ताबाईनं ते फोडलं. आत कागदात गुंडाळलेली एक पितळी मूठ होती.

'या गाडीची मागील मूठ पूर्वीच्या मालकाने स्वतः काढून आमचेकडे जमा केली होती. गरज नाही असे त्यांनी कळविले होते. आपण मागितली म्हणून पाठवीत आहो. इंजिनाबद्दल, टाकीत वेळेवर पाणी घालावे.'

तिनं मूठ कंबरेला खोचली. रात्री झोपतानाही काढली नाही.

६

पाठवणीच्या दिवशी रुक्मिणी रडून रडून थकली होती. मायलेकी पांढऱ्या चादरी घेऊन मागं बसल्या. रुक्मिणीच्या हातात नवा हिरवा चुडा होता. मुक्ताबाईनं तिला जवळ घेतलं आणि पलीकडं जागा राहिली, तिथं खणानारळाची टोपली ठेवली.

माळावर मोटार थांबली. फळी वाजली होती का, ते मुक्ताबाईला नीट कळलं नाही. पुढून देशमुखांचा आवाज आला, "घ्या, झाली तापून! चल बे सिदू, पानी आनू." पावलं विहिरीच्या उताराकडं गेली.

आत हवा थांबली. रुक्मिणीचा श्वास ऐकू येत होता. मग मुक्ताबाईच्या लक्षात आलं, की श्वास दोन बाजूंनी ऐकू येतोय. एक कुशीतून. एक टोपलीच्या पलीकडून.

"रुक्मे," ती कानात म्हणाली, "गप बस. मी म्हणलं की उतरायचं."

तिनं कंबरेची मूठ काढली, चाचपत दांडीवर बसवली आणि फिरवली. दार उघडलं. उन्हानं डोळे दिपले. ती पाय टाकून खाली उतरली, आणि वळायच्या आत दार तिच्यामागं लागलं. मूठ तिच्या हातात निसटून आली होती.

आतून ठोकण्याचा आवाज आला. तीनदा. थांबून, पुन्हा तीनदा.

तिनं बाहेरची कडी ओढून दार उघडलं. उन्हातून आल्यावर आत काळंमिट्ट होतं. तिनं हात आत घातला. "ये, रुक्मे, ये लवकर!"

एका हातानं तिचं मनगट पकडलं. घामानं ओला, गरम, थरथरणारा तो हात तिला जिवाच्या आकांतानं आत ओढत होता, नखं रुतवत होता. आपल्याला आत ओढतंय! तिनं सगळं बळ लावून हात झटकला. काहीतरी कट्कन फुटलं.

मग दुसरा हात तिच्या हातात आला. शांत, गार, मऊ. त्यानं ओढलं नाही. बोटं नुसती तिच्या बोटांत ठेवली, लहान लेकरानं ठेवावीत तशी.

तिनं त्या हाताला धरून चादरीसकट लेकीला बाहेर काढलं आणि खांद्यानं दार ढकलून लावून टाकलं. आत तीनदा वाजलं. तिनं मागं बघितलं नाही.

७

ती लेकीला घेऊन विहिरीच्या उलट दिशेला, पडक्या धर्मशाळेपर्यंत जवळजवळ धावत गेली आणि भिंतीच्या सावलीला बसली. "सुटलो गं बाई," ती म्हणाली. "सुटलो."

लेक बोलली नाही. चादर डोक्यावरून थेट हनुवटीपर्यंत ओढलेली होती. तोंड बघावं म्हणून मुक्ताबाईनं हात पुढं केला, तेवढ्यात विहिरीकडून माणसांचे आवाज आले, आणि सवयीनं तिनं लेकीची चादर उलट आणखी खाली ओढली.

लांबून तिला दिसलं. टाकीत पाणी ओतून झालं. देशमुख पुढं बसले. बायका आतच असणार हे इतकं ठरलेलं, की मागं कुणीच बघितलं नाही. सिदू क्षणभर कान देऊन थांबला, मग मान हलवून त्यानं हँडल मारलं. इंजिन एका झटक्यात सुरू झालं, इतक्या महिन्यांत झालं नव्हतं तसं.

मुक्ताबाई उठली. हाक मारायला तोंड उघडलं. पण परक्या माणसाच्या कानावर तिचा आवाज जन्मात पडला नव्हता. घशातून नुसती हवा आली. मोटार धूळ उडवत गेली.

जाऊ दे, ती मनात म्हणाली. रिकामी तर आहे. म्हणजे, आपलं कुणी नाही तिच्यात. लेक हाताशी आहे ना?

घटकाभरानं आसाराम नावाच्या एका म्हाताऱ्याची बैलगाडी आली. त्यानं चादरी बघूनच तोंड फिरवलं. "बसा मायबाई. मी काय मागं बगत न्हाई. कुठं सोडू?"

मुक्ताबाईनं भिंतीआडून पुटपुटत गाव सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा ती परक्याशी बोलली.

गाडी दगडांवरून हिसके देत चालली. लेक तिच्या शेजारी ताठ बसली होती. बांगड्या वाजत नव्हत्या. ओढाताणीत फुटल्या असतील, मुक्ताबाईनं विचार केला. हात अजून गारच होता, एवढ्या उन्हात. पोर भेदरली, हातपाय गार पडले असतील.

"बैल आज लई दमले की वो," आसाराम पुढूनच म्हणाला. "दोन बाया तर हायती. वज्जं मातर धा पोत्यांचं लागतंय."

मुक्ताबाईनं लेकीची चादर वर करून बघायचं ठरवलं. पुढच्या वळणावर बघू, असं ती म्हणाली. वळण आलं, गेलं. मग ओढा आला की बघू. ओढाही गेला. तिचा हात उठतच नव्हता.

८

उन्हं उतरली तेव्हा गाडी व्याह्यांच्या दारात थांबली. मोटार अंगणात उभी होती, मागचं दार सताड उघडं. विहीणबाई विमलबाई पायरीवर आल्या. कपाळावर हात आडवा धरून त्यांनी बघितलं.

"अवो विहीणबाई! हायत का तुमी? आमी समदे घोर करून बसलो. तुमचे मालक घोडं घिऊन आडवाटेनं तुमाला हुडकायला गेले माळावर. आसं रस्त्यात उतरून कुठं जात्यात का?"

"पोरीला घिऊन उतरले," मुक्ताबाई म्हणाली. "मोटारीत... मोटारीत लई उकडत हुतं."

"पोरीला?" विमलबाई हसल्या, मग हसू अर्धंच राहिलं. "पोर तर कवाच आली की."

आतून पायांचा धावता आवाज आला. रुक्मिणी चौकटीत येऊन उभी राहिली. चादर नव्हती. डोळे सुजलेले. उजव्या हातातला चुडा अर्धा फुटलेला, आणि मनगटावर रक्ताची सुकलेली रेघ.

"आई, मला सोडून कावून गेलीस गं?" ती हुंदका देऊन म्हणाली. "तू हात घातलास, मी किती घट धरला तुजा. तू झटकलास. मंग मी ठोकत ऱ्हायले. हाक कशी मारू? बाहेर सिदू असंल तर? ठोकून ठोकून हात गळाला, दोनदा ठोकलं की तिसऱ्यांदा उचलंना. आन् गाडी चालाय लागली."

मुक्ताबाई बैलगाडीजवळच उभी होती. पुढं पाऊल टाकलं नव्हतं. तिच्या डाव्या हातात ती गार बोटं अजून होती, सकाळपासून धरल्यासारखी सरावलेली.

"आई? ती कोण हाय गं तुज्यासंगं?"

विमलबाईंनी पाहुणीसाठी भाकरतुकडा ओवाळायला आणला होता. "या की आत," त्या अडखळत म्हणाल्या. "दोगीबी या. भायेर कशाला..."

"नगा!" मुक्ताबाई ओरडली. अंगणातल्या सगळ्या पुरुषांनी तो आवाज ऐकला. "आत नगा बोलवू. रुक्मे, दार लाव. तू आत हो आन् दार लाव."

"पर आई..."

"लाव म्हणते ना!"

रुक्मिणीनं आईचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. ती मागं सरली. दार लागलं. आतली कडी आतूनच पडली, आणि तो आवाज ऐकून मुक्ताबाईनं डोळे मिटले.

शेजारी चादर हलली नाही. फक्त तिच्या तळव्यावर एका गार बोटानं हळूच ठोकलं.

एक.

ती थांबून राहिली.

दोन.

मुक्ताबाई वळली आणि तो हात तसाच घट्ट धरून आल्या वाटेनं चालायला लागली. दोनचं तर ठरलेलंच होतं.